भात, बेरीबेरी आणि आकडेशास्त्र

वृत्तपत्र उघडावे, तर आठवड्यातून एकदा तरी आहाराविषयीची एखादी वार्ता दृष्टीस पडतेच. अमुक फळ नित्य खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो; तमुक तेल घातक ठरले; कॉफी अपायकारक आहे; नाही, कॉफी हितकारक आहे! अशा वार्ता वाचून घरातील वडीलधारी मंडळी हसतात आणि म्हणतात, "आधी या शास्त्रज्ञांचे आपसांत एकमत होऊ द्या, मग काय खायचे ते पाहू." त्यांचे म्हणणे अगदीच गैर आहे असे नाही. परंतु त्यामागे एक प्रश्न दडलेला आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. एखादा पदार्थ शरीरास तारक की मारक, हे मुळात कळते तरी कसे? कोट्यवधी माणसे रोज दोन वेळा जेवतात, त्यांतील काही आजारी पडतात, काही पडत नाहीत. या गलबल्यातून कारण आणि परिणाम यांची जोडी नेमकी कशी हुडकावी?

वाचकहो, याचे उत्तर व्याख्यांच्या रूपाने देता येईल. पण व्याख्या लवकर विसरल्या जातात. त्यापेक्षा एका रोगाची हकीकत सांगतो. रोग आपल्या परिचयाच्या अन्नाशी निगडित आहे आणि त्याच्या शोधात आहारसंशोधनाच्या जवळजवळ सर्व पद्धती एकामागून एक वापरल्या गेल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व आशियात बेरीबेरी नावाच्या रोगाने थैमान घातले होते. पाय प्रथम बधिर होत, मग जड होत; कोणाच्या अंगावर सूज येई, कोणाचे स्नायू वाळून जात आणि अखेरीस हृदय थकून माणूस दगावे. जहाजे, तुरुंग, सैन्याच्या छावण्या अशा जेथे माणसांना एकत्र ठेवून शिधा पुरविला जातो, अशा ठिकाणी तो हटकून आढळे. तो काळ पाश्चर आणि कॉख यांच्या शोधांनी भारावलेला होता. तेव्हा प्रत्येक वैद्य सूक्ष्मदर्शक यंत्र पुढ्यात घेऊन बेरीबेरीचा जंतू शोधू लागला, यात नवल नाही.

जपानच्या आरमारातील वैद्यकीय अधिकारी ताकाकी कानेहिरो हे मात्र लंडनमध्ये शिकून आलेले होते आणि त्यांची नजर रोग्यापेक्षा रोग्याच्या ताटाकडे अधिक होती. अधिकाऱ्यांना रोग क्वचित होतो, खलाशांना वारंवार होतो आणि खलाशांचे जेवण म्हणजे बहुतांशी पांढरा भात, हे त्यांनी हेरले. १८८२ च्या अखेरीस 'र्‍युजो' नावाचे जहाज लांबच्या सफरीवर निघाले होते. त्यावरील ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण मृत्यू पावले. १८८४ साली 'त्सुकुबा' हे दुसरे जहाज ताकाकींच्या आग्रहावरून त्याच मार्गाने पाठविण्यात आले. पण या वेळी शिध्यात मांस, पाव, दूध आणि भाज्या यांचे प्रमाण वाढविलेले होते. या सफरीत सुमारे पंधरा जणांना रोग झाला आणि मृत्यू एकही झाला नाही.

आरमाराने शिधा बदलला आणि रोग हटला. व्यवहाराच्या दृष्टीने प्रश्न सुटला. शास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन उणिवा राहिल्या. एक तर, दोन सफरी वेगवेगळ्या काळात झाल्या होत्या. मधल्या काळात दुसरेही काही बदलले नसेल कशावरून? दुसरे, शिध्यात एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या होत्या. त्यांतील गुणकारी कोणती? ताकाकी स्वतः म्हणत की, प्रथिनांच्या कमतरतेमुळे रोग होतो. तो तर्क चुकीचा होता. म्हणजे उपाय बरोबर आणि कारणमीमांसा चूक, असा हा प्रकार! याच उणिवेवर जपानच्या भूदलातील डॉक्टरांनी बोट ठेवले. कारण सिद्ध झालेले नाही, तेव्हा आहार बदलण्याचे प्रयोजन नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांतील एक प्रमुख मोरी रिन्तारो हे मोरी ओगाई या नावाने थोर साहित्यिक म्हणूनही प्रसिद्ध आहेत. परिणाम असा झाला की, १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धात जपानी भूदलाचे वीस हजारांहून अधिक सैनिक बेरीबेरीने मेले. पुरावा परिपूर्ण नाही म्हणून हातातला पुरावा टाकून देणे, ही चूकदेखील किती महाग पडते, ते या संख्येवरून दिसेल.

इकडे डच अमलाखालील जावा बेटात, बटाविया म्हणजे आजच्या जकार्ता शहरी, क्रिस्तियान आइकमान नावाचे डॉक्टर जंतूच शोधीत होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी लटपटू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी करता गंमत उघडकीस आली. कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला आणि सरकारी लष्करी भात बिनलष्करी कोंबड्यांना देण्याचे त्याने साफ नाकारले! साध्या तांदळावर आल्याबरोबर कोंबड्या सावरल्या. मग आइकमान यांनी मुद्दाम प्रयोग करून पाहिले: सडलेला तांदूळ दिला की कोंबडी आजारी, कोंडा दिला की बरी. प्राण्यांवरील प्रयोगाचा लाभ हाच की, इतर सर्व गोष्टी समान ठेवून एकच गोष्ट बदलता येते. पण कोंबडी म्हणजे माणूस नव्हे, ही त्याची मर्यादा. शिवाय आइकमान यांचाही तर्क प्रथम वेगळाच होता. पांढऱ्या तांदळातील पिठात एखादे विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा असावा, असे त्यांना वाटे. कोंड्यात उतारा नसून शरीरास आवश्यक असा घटकच आहे, ही दृष्टी त्यांचे सहकारी खेरित ग्रेन्स यांनी १९०१ साली मांडली.

आता ज्या गृहस्थांकडे मला आपले लक्ष विशेषेकरून वेधावयाचे आहे, ते म्हणजे जावाच्या आरोग्य खात्यातील अधिकारी आदोल्फ फोर्डरमान. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. त्यांनी प्रयोग केला नाही; त्यांनी फक्त मोजले. जावातील तुरुंगांत स्थानिक लोकांच्या रिवाजाप्रमाणे कोठे सडीक पांढरा तांदूळ, कोठे कोंड्यासह तांदूळ, तर कोठे दोहोंचे मिश्रण वापरले जाई. फोर्डरमान यांनी १०१ तुरुंगांतील सुमारे २ लाख ८० हजार बंदिवानांची माहिती गोळा केली आणि ती १८९७ साली प्रसिद्ध केली.

एखाद्या उतावळ्या माणसाने काय केले असते? बेरीबेरीचे रोगी किती, एवढेच मोजले असते. पण रोग्यांची नुसती संख्या काहीच सांगत नाही. मोठ्या शहराच्या रुग्णालयात रोगी अधिक, म्हणून शहरात रोग अधिक असे ठरत नाही. 'किती जणांपैकी किती' हा प्रश्न आकडेशास्त्राचा पहिला श्रीगणेशा होय. फोर्डरमान यांनी तोच विचारला. सडीक तांदूळ खाणाऱ्या ५१ तुरुंगांत दर ३९ बंदिवानांमागे एकास बेरीबेरी होता. मिश्र तांदळाच्या १३ तुरुंगांत दर ४१६ जणांमागे एकास. कोंड्यासह तांदूळ वापरणाऱ्या ३७ तुरुंगांत सुमारे १०,००० जणांमागे एकास. एकाच मापाने मोजावयाचे, तर दर दहा हजारांमागे अनुक्रमे सुमारे २५६, २४ आणि १. आणखी एक बाब पाहण्यासारखी आहे. मिश्रण खाणारे बरोबर मध्ये पडले. मात्रा वाढावी तसा परिणाम वाढावा, ही कार्यकारणाची एक जुनी खूण आहे.

तरीही फोर्डरमान तेथे थांबले नाहीत. समजा, पांढरा तांदूळ देणारे तुरुंग जुने, कोंदट आणि गर्दीचे असते, तर रोगाचे खरे कारण कोंदटपणा असून दोष मात्र तांदळाच्या माथी आला असता. आहाराच्या प्रत्येक अभ्यासात अशी तिसरीच गोष्ट आड लपून बसण्याचा धोका असतो. ज्या घरात बदाम खातात, त्या घरात बहुधा पैसाही असतो, डॉक्टरही लवकर येतो आणि मुले शाळेतही जातात. मग मुलांच्या धडधाकटपणाचे श्रेय बदामास द्यावे काय? म्हणून फोर्डरमान यांनी इमारतींचे वय, जमिनीची फरशी, हवेची मोकळीक, दाटी या सर्वांच्या नोंदी केल्या आणि त्यांचा रोगाशी संबंध जुळत नाही, हे दाखवून दिले.

परंतु ज्या गोष्टीची नोंदच केली नाही, तिचे काय? त्यावर एकच उपाय आहे. लोकांची विभागणी त्यांच्या रिवाजावर किंवा मर्जीवर न सोडता संशोधकाने ती स्वतः करावयाची, आणि तीही आपल्या पसंतीने नव्हे. हे काम १९०५ च्या अखेरीस मलायातील क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर या डॉक्टरांनी केले. तेथे बेरीबेरीची मोठी साथ होती. फ्लेचर यांनी रुग्णांना भोजनगृहात रांगेत उभे केले आणि क्रमांक घातले. विषम क्रमांकाचे रुग्ण अंगणाच्या पूर्वेकडील दालनात गेले, सम क्रमांकाचे पश्चिमेकडील दालनात. पूर्वेकडे नेहमीचा सयामी पांढरा तांदूळ चालू राहिला. पश्चिमेकडे बंगालचा उकडा तांदूळ सुरू झाला. बाकी सर्व जेवण सारखेच. पुढे जागेचा दोष असल्यास तोही निघून जावा, म्हणून दोन्ही गटांच्या दालनांची अदलाबदल करण्यात आली.

वर्षभरात पांढरा तांदूळ खाणाऱ्या १२० रुग्णांपैकी तीसांहून अधिक जणांना बेरीबेरी झाला आणि १८ जण दगावले. उकडा तांदूळ खाणाऱ्या १२३ रुग्णांपैकी दोघांनाच रोग होता, आणि तोही ते भरती झाले तेव्हाच. मृत्यू एकही नाही.

हा केवळ योगायोग असेल का? येथे साधे गणित पुरते. दोन्ही गट जवळजवळ सारख्या संख्येचे आहेत. तांदळाचा काही संबंधच नाही असे धरले, तर प्रत्येक मृत्यू पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे पडण्याचा संभव नाण्याच्या छाप-काट्यासारखा मानता येईल. नाणे अठरा वेळा उडवून अठराही वेळा छापच पडण्याचा संभव किती? दर वेळी निम्मा होत होत तो २ लाख ६२ हजारांत एक इतका अल्प उरतो. योगायोगावर इतका भार टाकण्यापेक्षा तांदळाचा गुण मान्य करणे शहाणपणाचे. संशोधक आपल्या निष्कर्षाला 'सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय' म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात हाच हिशेब असतो. बहुधा ते विसात एक या मर्यादेवर समाधान मानतात. आणि वीस प्रयोग केले तर त्यांतील एखादा निव्वळ नशिबानेही 'लक्षणीय' ठरू शकतो, हे वार्ताहर लिहीत नाहीत.

आजच्या कसोटीला फ्लेचर यांचा प्रयोग पुरता उतरत नाही. सम-विषम क्रमांकापेक्षा चिठ्ठ्या टाकून विभागणी करणे अधिक चांगले, कारण पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधी कळत नाही. कोण काय खातो हे डॉक्टरांना ठाऊक नसावे, हा दुसरा नियम. परंतु उकड्या तांदळाचा वास ज्यांच्या घरात दरवळला आहे, ते सांगतील की तो लपविणे अशक्य! आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की, त्या रुग्णांना कोणी विचारलेही नव्हते. ते अठरा मृत्यू नुसते आकडे नव्हेत. आज नीतिविषयक समितीच्या मान्यतेवाचून आणि सहभागी व्यक्तीच्या किंवा तिच्या पालकाच्या संमतीवाचून असा प्रयोग करता येत नाही. प्रयोग सुरू होण्यापूर्वीच काय मोजणार, हे जाहीर नोंदवून ठेवण्यासाठी भारतात २००७ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे.

उकडा तांदूळ का वाचवितो, याचा उलगडा पुढे झाला. कोंड्यातील तो घटक म्हणजे थायमिन, अर्थात ब१ जीवनसत्त्व. १९२६ साली जावातच यान्सन आणि डोनाथ यांनी ते स्फटिकरूपाने वेगळे केले आणि १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी कृत्रिमरीत्या बनविले. भात तुसासकट भिजवून उकडला की, हे पाण्यात विरघळणारे सत्त्व कोंड्यातून दाण्याच्या गाभ्यात उतरते आणि मग गिरणीत कोंडा गेला तरी बरेचसे शिल्लक राहते. कोकण, गोवा, केरळ, तमिळनाडू, बंगाल येथील घरांनी कोणतेही जीवनसत्त्व न ऐकता हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालविला होता. याउलट, मद्रास इलाख्याच्या उत्तर सरकार भागात सुरय तांदूळ गिरणीत सडून खाण्याचा प्रघात होता आणि तेथे बेरीबेरी होता. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आपण ऐकून असाल; तिचा उगम १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झालेल्या बेरीबेरी-चौकशी पथकातच आहे.

ही हकीकत वाचून आहारसंशोधन सोपे वाटू लागेल, तर ते खरे नव्हे. बेरीबेरीत फरक अडीचशे पटींचा होता आणि रोग काही आठवड्यांत दिसून येई. आजचे प्रश्न हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांचे. त्यांत फरक दहा-वीस टक्क्यांचा आणि वाट पाहावयाची ती वीस-तीस वर्षांची. शिवाय माणूस काय खातो हेच नीट मोजता येत नाही. पाहणी करणारी व्यक्ती घरी येते आणि काल दिवसभरात काय खाल्ले ते विचारते. आपणच आठवून पाहा: काल भाजीत तेल किती पळ्या पडले? सर्वांचे जेवण एकाच पातेल्यातून वाढले जाते. आणि सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या घरच्या बाईच्या वाट्याला डाळ किती आली, हे कुटुंबाच्या बेरजेला माणसांनी भागून कधीच कळावयाचे नाही.

बीटा-कॅरोटीनचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. गाजर, पालेभाज्या यांतील हे द्रव्य भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, असे कित्येक पाहण्यांत आढळले होते. तेव्हा फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांची चिठ्ठ्यांप्रमाणे विभागणी करून काहींना त्याच्या गोळ्या देण्यात आल्या. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही. उलट १८ टक्क्यांनी अधिक झाला! भाजी खाणारा माणूस आणि भाजीतील एक द्रव्य या दोन भिन्न गोष्टी ठरल्या. आता तो १८ टक्क्यांचा आकडा उलगडून पाहू. गोळ्या घेणाऱ्या गटात ४७४ रोगी, न घेणाऱ्या गटात ४०२. प्रत्येक गटात माणसे साडेचौदा हजारांच्या आसपास. म्हणजे दर हजारी सुमारे ३३ आणि २८. 'अठरा टक्के अधिक' आणि 'हजारांत पाच अधिक' ही दोन्ही वाक्ये एकाच सत्याची आहेत, पण कानांवर पडताना किती निराळी वाटतात! जाहिरातदार यांतील पहिलेच वाक्य निवडतो.

सरासरीचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हे राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षे सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. सरासरी गरज ही भुकेची सीमारेषा मानू नका, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. त्यांचा मुद्दा पायताणाच्या उदाहरणाने समजेल. गावातील पुरुषांच्या चपलेचे सरासरी माप आठ असेल, तर सात मापाची चप्पल घालणारा अपुऱ्या चपलेत चालतो असे म्हणता येईल काय? प्रत्येकास त्याच्या गरजेइतके अन्न अगदी तंतोतंत मिळाले, तरीही सुमारे निम्मे लोक सरासरीच्या खालीच दिसतील. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी दररोज २,२५० उष्मांक हे प्रमाण धरून देशातील दारिद्र्य मोजले होते. पुढे सुखात्मे आणि दांडेकर या दोन मराठी विद्वानांत यावरून मोठा वाद झाला. सुखात्मे यांचा गणिती मुद्दा बिनतोड होता, असे मला वाटते. पण अपुऱ्या अन्नावर शरीर जुळवून घेते, हे म्हणणे फार ताणले तर खुरटलेल्या मुलालाही धडधाकट ठरविण्याचा धोका आहे, हा प्रतिपक्षाचा इशाराही हलका नव्हता. कारण रेषा थोडी वर-खाली सरकली की, लक्षावधी कुटुंबे भुकेल्यांच्या यादीत येतात किंवा यादीबाहेर जातात.

अलीकडचा एक भारतीय प्रयोग या सर्व कसोट्या लावून पाहण्यासारखा आहे. क्षयरोग अन्नाच्या अभावी बळावतो, हे आपण आजी-आजोबांपासून ऐकत आलो. पण घरच्या इतर माणसांना सकस अन्न दिल्याने त्यांचा क्षय टळतो काय? झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ पासून हे पाहिले गेले. २,८०० रोग्यांना अन्नाचा शिधा मिळाला. तो सर्वांनाच दिला गेला. फरक केला तो त्यांच्या घरच्या १०,३४५ माणसांत. निम्म्या विभागांतील कुटुंबीयांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. घराघरांत चिठ्ठ्या न टाकता सबंध क्षयरोग विभागांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या, कारण शेजारच्या उपाशी घराला वाटीभर डाळ देऊ नका, असे कोण कोणाला सांगणार? २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शिधा न मिळालेल्या ४,७२४ कुटुंबीयांत १२२ जणांना क्षय झाला, शिधा मिळालेल्या ५,६२१ जणांत ९६ जणांना. म्हणजे हजारी २६ आणि १७. गटांतील इतर फरकांचा हिशेब करून संशोधकांनी ही घट ३९ टक्के सांगितली आणि सोबत हेही सांगितले की, खरा आकडा १५ पासून ५७ पर्यंत कोठेही असू शकेल. ज्या वार्तेत अशी मर्यादा दिलेली असते, तिच्यावर मी अधिक विश्वास ठेवतो.

आणि बेरीबेरी? तो इतिहासजमा झाला असे समजू नये. काश्मीर आणि मिझोराम येथील डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत अंगावर पिणाऱ्या बाळांत तो पुन्हा ओळखला आहे. माता पांढऱ्या तांदळावर राहतात. तांदूळ वारंवार धुतला जातो, भाताची पेज ओतून दिली जाते आणि बाळंतिणीच्या पथ्यात इतर बरेच पदार्थ वर्ज्य असतात. दुधातून थायमिन मिळत नाही आणि दोन-तीन महिन्यांचे मूल एकाएकी धापा टाकू लागते. वेळीच ओळखून थायमिनचे इंजेक्शन दिले, तर तेच मूल पुष्कळदा दिवसा-दोन दिवसांत पुन्हा दूध ओढू लागते.